शिशाच्या चकत्या भंगारात घालू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात जालन्याच्या जुन्या कापडबाजारातले, तीन पिढ्या चाललेले एक दुकान बंद झाले. मालकांची मुले पुण्याला स्थायिक झाली आहेत, त्यामुळे फडताळे, गाद्या-तक्के, कापड मोजायचे लोखंडी गज, रोजकीर्दीच्या वह्या असे सगळे सामान एका दिवसात रस्त्यावर आले. गजाच्या टोकांवर पडताळणीचे ठसे आहेत का, हे पाहण्याची वजनेमापे निरीक्षकाच्या नोकरीतली सवय अजून सुटलेली नसल्याने मी तेथे थांबलो. तेवढ्यात गल्ल्याच्या खालच्या खणातून मांजरपाटाची एक थैली निघाली. तिच्यात रुपयाच्या नाण्याएवढ्या, राखी रंगाच्या, दाबून वेड्यावाकड्या झालेल्या चाळीसेक चकत्या होत्या. भंगारवाल्याने एक चकती नखाने ओरखडून पाहिली, आत शिसे चकाकले, आणि थैली बॅटरीच्या जुन्या पत्र्यांबरोबर काट्यावर चढली. मी विनंती केल्यावर त्याने त्यांतल्या तीन चकत्या मला काढून दिल्या आणि पैसेही घेतले नाहीत. उरलेल्या सगळ्या त्याच संध्याकाळी वितळून लगडीत गेल्या. यात त्याचा दोष नाही आणि मालकांच्या मुलांचाही नाही, कारण त्या चकत्या कशाच्या आहेत हे त्यांना सांगणारे तेथे कोणी नव्हते. मराठवाड्यातल्या आणखी किती खणांत, किती पेट्यांत अशा थैल्या पडून असतील, या विचाराने मला स्वस्थ बसवेना, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या चकत्या म्हणजे कापडाच्या ताग्यांना आणि गठाणींना लावले जाणारे शिशाचे शिक्के होत. आमच्याकडे त्यांना ठरलेले असे नाव उरलेले नाही. कोणी 'गोळी' म्हणतो, तर कोणी 'सील'. विजेच्या मीटरला तारेत ओवून पकडीने दाबलेली शिशाची गोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही वस्तू हातात घेताच ओळखता येईल.

माझी सगळी नोकरी वजनेमापे पडताळण्यात गेली, त्यामुळे शिशावरच्या ठशाशी माझा संबंध रोजचा होता. किराणा दुकानातले पाच किलोचे लोखंडी वजन वाचकांनी एकदा निरखून पाहावे. त्यात एक भोक असते आणि ते शिशाने बुजवलेले असते. वजन थोडे कमी भरले, तर त्याच भोकात शिसे वाढवायचे, जास्त भरले तर कोरून कमी करायचे, आणि वजन नेमके झाले की त्या शिशावरच ठसा मारायचा. ठशात निरीक्षकाचा क्रमांक, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाहीचे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असते. आतले शिसे काढायचे म्हटले, तर आधी ठसा मोडावा लागतो, आणि मोडलेला ठसा कोणाच्याही डोळ्यांना दिसतो. कापडाच्या शिक्क्यामागची युक्ती हीच आहे, आणि ती युरोपात निदान सातशे वर्षांपूर्वीपासून वापरात होती.

शिसे मऊ असते. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि थंड असतानाही हातोड्याच्या एका घावात ठसा घेते. कापडाचा शिक्का ओतताना एका लहानशा पट्टीने जोडलेल्या दोन चकत्या एकत्र ओतत. एका चकतीला मध्ये खुंटी असे आणि दुसरीला भोक. पट्टी दुमडून कापडाची कड दोन चकत्यांच्या मध्ये घ्यायची, खुंटी कापडातून आरपार काढून समोरच्या भोकात बसवायची, आणि मग दोन्ही बाजूंना कोरीव ठसे धरून वरून घाव घालायचा. खुंटीचे डोके चेपून पसरे, नाण्यासारखी छाप उमटे, आणि कापड व शिक्का एकजीव होत. तो शिक्का सोडवून दुसऱ्या ताग्याला लावायचा प्रयत्न केला, तर एक तर खुंटी तुटे, नाहीतर कापड फाटे. इंग्लंडात पुढे चार चकत्यांचे शिक्केही निघाले. त्यांतल्या दोन चकत्या कापडाला धरून ठेवण्यासाठी असत आणि बाकीच्यांवर राजाचे चिन्ह, प्रांत आणि साल यांसाठी जास्त जागा मिळे.

हा खटाटोप कशासाठी होता, हे कापडाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. गुंडाळलेल्या ताग्याची लांबी, पन्हा आणि वीण गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही. इंग्लंडात १२१५ च्या मॅग्ना कार्टा या प्रसिद्ध सनदेत, सरदारांच्या आणि राजाच्या हक्कांच्या जोडीने, एक कलम केवळ मापांसाठी आहे. रंगवलेल्या कापडाचा पन्हा दोन्ही काठांच्या आत दोन एल (कापड मोजण्याचे तिथले जुने माप) असावा, असे त्यात लिहिले आहे. कापड तपासणाऱ्या सरकारी माणसाला तेथे ऑल्नेजर म्हणत. हा शब्द एल या मापावरूनच आला आणि त्या मापाचे मूळ माणसाच्या हातात आहे. कोपरापासून मनगटापर्यंतच्या एका हाडाला डॉक्टर आजही अल्ना म्हणतात, ते त्याच शब्दामुळे. आपल्याकडेही कापड 'हाता'नेच मोजत आणि दोन हातांचा एक वार धरत. नऊवारी आणि पाचवारी ही नावे त्या मोजणीतूनच आली आहेत आणि मीटर येऊन सहा दशके उलटली तरी ती टिकून आहेत.

ऑल्नेजरने ताणून मोजलेले, उजेडात धरून पाहिलेले आणि कर भरलेले कापड शिक्क्यावाचून विकायला बंदी होती. इंग्लंडातली ही पद्धत १७२४ मध्ये संपली. तोवरच्या शतकांत शिक्क्यांवर काय काय उमटले, ते पाहून माझ्यासारख्या माणसाला आपल्याच खात्याचे जुने दप्तर उघडल्यासारखे वाटते. हलक्या किंवा सदोष कापडाला वेगळा शिक्का असे, म्हणजे ते विकता येई, पण पहिल्या प्रतीचे म्हणून नव्हे. रंगाऱ्यांचे आपले शिक्के असत आणि कोणता रंग वापरला हे त्यांवरून कळे. जर्मनीतल्या उल्म शहरात कापसाचे आणि तागाचे मिश्र कापड विणले जाई. तेथे प्रत ओळखण्यासाठी बैल, सिंह, द्राक्षाचा घड अशी चिन्हे होती, म्हणजे अक्षरशत्रू गिऱ्हाइकालाही चित्र पाहून माल पारखता येई. काही शिक्क्यांवर ठशाशेजारी टोचणीने कोरलेले आकडे असतात. त्या विशिष्ट ताग्याची लांबी किंवा वजन मोजणाऱ्याने तेथल्या तेथे ओरखडलेले असे. मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते हे ओरखडे. ठसा सरकारचा असतो, पण हा आकडा एका माणसाच्या हाताचा आहे, त्या दिवशी, त्या ताग्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा.

शिक्क्याच्या आतल्या बाजूला काय असते, हे वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. घाव बसताना कापड दोन चकत्यांत चेपले जाते आणि मऊ शिशावर त्याची वीण उमटते. कापड पुढे कुजून गेले तरी उभे सूत, आडवे सूत, त्यांची जाडी, दर सेंटिमीटरला किती धागे, साधी वीण की तिरकी, हे सगळे शिशावर राहते. कधीकधी चकत्यांच्या फटीत धाग्यांचा तुकडाही टिकतो. सामान्य माणसांनी वापरलेले कापड जगात फार थोडे उरले आहे. राजवस्त्रे पेट्यांत जपून ठेवली गेली, रोजच्या वापरातली वस्त्रे मात्र फाटेपर्यंत नेसली गेली आणि मग त्यांची पोतेरी झाली. त्या रोजच्या कापडाचा पुरावा म्हणून शिशाच्या या चकतीपाशी जावे लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये लोकांना शेतात किंवा नदीकाठी सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवून घेण्याची योजना १९९७ पासून चालू आहे. तिच्यात थेम्सच्या काठी ओहोटीच्या वेळी चिखलात सापडणारे कापडाचे शिक्के शेकड्यांनी नोंदले गेले आहेत. अमेरिकेत मिशिगनमधल्या मिशिलिमॅकिनॅक या जुन्या फ्रेंच किल्ल्याच्या उत्खननातही असे शिक्के निघाले, आणि समुद्रापलीकडून कोणकोणत्या गावांचे कापड त्या जंगलातल्या ठाण्यापर्यंत पोहोचत होते हे त्यांवरून उमगले.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी परदेशची हकीकत झाली, तिचा मराठवाड्याशी काय संबंध? संबंध आहे आणि तो दोन हजार वर्षांचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात आपल्या भागातल्या दोन बाजारपेठांची नावे येतात, पैठण आणि तगर. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे त्यात म्हटले आहे. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. तगरहून जाडेभरडे सुती कापड पुष्कळ, आणि तलमही अनेक प्रकारचे, बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोच बंदरात येते, असे तो लेखक नोंदवतो. त्याच पुस्तकात भडोचला बाहेरून उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तिच्यात तांबे व कथील यांच्यासोबत शिसेही आहे. म्हणजे आपले कापड ज्या बंदरातून बाहेर जात होते, त्याच बंदरात शिसे येत होते. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली, ती पैठण-तेरच्या परिसरात आजही सापडतात. मऊ धातूवर ठसा मारून त्याला मोल देण्याची कला या मातीला नवी नाही.

मालाला मुद्रा लावण्याचा विचार तर आपल्याकडे त्याहूनही जुना आहे. गुजरातेतल्या लोथल या सिंधू संस्कृतीच्या गावातल्या वखारीत साठाहून अधिक मातीच्या मुद्रा मिळाल्या आणि त्यांच्या पाठीवर चटई, विणलेले कापड आणि पिळाची दोरी यांचे ठसे होते. गठाण बांधून गाठीवर ओली माती थापली आणि तिच्यावर मुद्रा दाबली, याचाच तो पुरावा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात जकातनाक्यावरच्या अधिकाऱ्याने व्यापाऱ्यांना काय विचारावे, ते सांगितले आहे. तुम्ही कोण, कोठून आलात, माल किती आणि त्यावर मुद्रा कोठे केली, असे ते प्रश्न आहेत. मुद्रा नसलेल्या मालाला दुप्पट जकात आणि खोटी मुद्रा लावणाऱ्याला जकातीच्या आठपट दंड त्यात सांगितला आहे. खोट्या ठशाचा अपराध नुसत्या चुकवेगिरीहून चौपट जड धरणारी ती बुद्धी मला फार मोलाची वाटते, कारण खोटा ठसा एका गिऱ्हाइकाला फसवून थांबत नाही, त्याने बाजारातल्या प्रत्येक खऱ्या ठशावरचा विश्वास उडतो.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्याकडे ठसा उमटवायचा तो मुख्यतः मातीवर, लाखेवर किंवा शाईने थेट कापडावर. 'छाप' हा आपला शब्द त्यातलाच, आणि तो इतका रुजला की इंग्रज व्यापाऱ्यांनी तो 'चॉप' म्हणून उचलला आणि पहिल्या प्रतीच्या मालाला ते 'फर्स्ट चॉप' म्हणू लागले. गठाणीला शिशाचा शिक्का लावण्याची रीत आपल्याकडे ठळकपणे आली ती परदेशी कंपन्यांबरोबर. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे गठाणीवरचे चिन्ह बदामाच्या आकाराचे होते. त्याच्या आत रेघांनी पाडलेल्या घरांत कंपनीच्या नावाची आद्याक्षरे असत आणि माथ्यावर चाराच्या आकड्यासारखी खूण असे. हेच चिन्ह कंपनीने पुढे नाण्यांवरही घेतले. सुरतेला जाणारा माल दख्खनमधूनही जाई, आणि सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला गेला तो दौलताबाद-औरंगाबादवरूनच.

भारतीय कापडाची त्या काळी युरोपात एवढी धास्ती होती की फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत छापील सुती कापडावर बंदी ठेवली आणि इंग्लंडने १७०० व १७२१ मध्ये तसेच कायदे केले. पुढे १७७४ मध्ये इंग्लंडात तेथेच विणलेल्या सुती कापडाला मोकळीक मिळाली, पण ते कापड भारतीय नव्हे हे ओळखू यावे म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे विणण्याची अट घातली गेली. आमच्या कापडापासून त्यांचे कापड वेगळे ओळखू यावे म्हणून त्यांना काठात खूण विणावी लागली! पैठणीच्या काठावरून घराणे सांगणाऱ्या आपल्या विणकरांना ही गोष्ट माहीत असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

शतकभरात वारे फिरले आणि विलायती गिरण्यांचा माल आपल्या बाजारात भरला. आखूड ताग्यांच्या आणि खळ चढवून जड केलेल्या कापडाच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात ताग्यावर वारांत लांबी छापणे सक्तीचे केले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश हद्दीतून येणारा माल सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकात भरूनच आत येई. हा दर इंग्रजांशी १८०२ मध्ये झालेल्या व्यापारी तहाने शेकडा पाच ठरलेला होता. करोडगिरी हे त्या राज्याच्या जकात खात्याचेच नाव होते, आणि आजोबांच्या तोंडी तो शब्द ज्यांनी ऐकला आहे असे वाचक अजून असतील. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या पेठा एका लोहमार्गावर आल्या. कापूस बाहेर जाऊ लागला, कापड आत येऊ लागले, आणि वाघिणीच्या दाराला दोरीत ओवून पकडीने दाबलेली शिशाची गोळी ही या भागातल्या प्रत्येक आडत्याच्या आणि कापडवाल्याच्या रोजच्या पाहण्यातली वस्तू झाली.

माझ्याकडे आलेल्या तीन चकत्यांपैकी दोन या दोरीच्या जातीच्या आहेत. त्यांच्या जाडीतून दोन समांतर भोके आरपार जातात, आणि एका भोकात सुतळीचा कुजलेला, काळपट तंतू अजून अडकलेला आहे. त्यांतल्या एकीवर एका बाजूला उर्दू अक्षरे आहेत आणि दुसऱ्या बाजूला आकडा आहे. तिसरी चकती मात्र निराळी आहे. ती दुमडलेल्या पट्टीची, खुंटी चेपलेली अशी आहे, आणि तिचे एक पान थोडे उघडले आहे. कापड दुकानात सूत मोजायला वापरतात ते भिंग मी मागून आणले, खिडकीपाशी बसलो आणि चकती तिरकी धरली. आतल्या बाजूवर वीण स्वच्छ दिसली. एका सेंटिमीटरच्या जागेत उभे दहा आणि आडवे नऊ धागे मी दोनदा मोजले. वीण इतकी सैल आहे की ते आतल्या मालाचे कापड नसून गठाणीवर शिवलेल्या वेष्टणाचे असावे, असे माझे मत झाले. कोणा गोदामात, कोणा हमालाच्या पाठीवर घासलेल्या त्या जाड वेष्टणाचा आता एक धागाही शिल्लक नाही, पण नखाएवढ्या जागेत त्याची वीण जशीच्या तशी उरली आहे. अशा आणखी सदतीस चकत्या त्या थैलीत होत्या. त्या सगळ्या एका दुकानातल्या, एका पेढीच्या मालाच्या होत्या. एकत्र ठेवून वाचल्या असत्या, तर कोणाचा माल, कोणत्या वाटेने, कोणत्या काळात जालन्याला येत होता याचा पट त्यांतून मांडता आला असता. तीन चकत्यांतून तो मांडता येत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती मराठवाड्यातल्या जुन्या कापड व्यापाऱ्यांना, आडत्यांना आणि त्यांच्या वारसांना आहे. दुकान किंवा वाडा आवरताना गल्ल्याचे खण, तिजोरीचा तळ आणि वह्यांच्या पेट्या एकदा स्वतः पाहाव्यात. शिशाची चकती मिळाली, तर ती कोठे आणि कशासोबत मिळाली हे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठीसकट कागदात गुंडाळून ठेवावी. त्याच खणात बिलटी, हुंडी, ठशाचे लाकडी ठोकळे किंवा गिरणीची रंगीत तिकिटे असतील, तर तीही त्यासोबत ठेवावीत, कारण चकतीचा अर्थ बऱ्याचदा शेजारच्या कागदावरून लागतो. चकती घासू नये. चिंच, राख, लिंबू यांपैकी काहीही लावू नये. वरची राखी-पांढरी पुटे काढायला गेले की ठसा आणि वीण दोन्ही जातात, आणि शिशाची भुकटी अंगाला घातक असते. मुलांच्या हाती ती देऊ नये, हाताळल्यावर हात धुवावेत, आणि घरात शिसे वितळवण्याचा उद्योग तर कोणीही करू नये. गोदाकाठी जाळ्याला लावायच्या वजनांसाठी जुने शिसे वितळवले जाते. पैठणपासून नांदेडपर्यंतच्या मासेमारी करणाऱ्या मंडळींनी पात्रात सापडलेली चपटी, ठसा असलेली चकती तेवढी बाजूला काढावी, एवढेच त्यांच्याकडे मागणे आहे.

काहींना भीती वाटते की जुनी वस्तू दाखवली तर सरकारी चौकशी मागे लागेल. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते, आणि जमिनीत सापडलेल्या मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा कायदा सांगतो. आपल्याच दुकानाच्या खणात निघालेली चकती जपून ठेवणे आणि अभ्यासकाला दाखवणे हा गुन्हा नाही. ती भंगारात घातल्याने मात्र जे जाते, ते कोणताही कायदा परत आणू शकत नाही.

दुसरी विनंती आपल्या भागातल्या संग्रहालयांना आणि विद्यापीठांच्या इतिहास विभागांना आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय म्हणजे एका माणसाने आयुष्यभर पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून वेचलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले घर आहे. लोकांनी किरकोळ म्हणून टाकलेले मणी, मृण्मूर्ती आणि नाणी त्यांनी उचलली नसती, तर तगरच्या वैभवाचे आपल्याकडे काय उरले असते? पैठणलाही बाळासाहेब पाटील शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. या ठिकाणी कापड व्यापाराच्या शिक्क्यांसाठी एक खण आणि एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक चकतीचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, व्यास, वजन, ठशावरचा मजकूर, आतली वीण आणि सापडल्याचे ठिकाण एवढे लिहिले तरी पुरे आहे. याला मोठा निधी लागत नाही. एम.ए.च्या दोन विद्यार्थ्यांनी एक उन्हाळा जालना, सेलू, परभणी आणि नांदेडच्या जुन्या पेठांत फिरून दुकानदारांशी बोलण्यात घालवला, तरी नोंदवहीची पहिली पाने भरतील. करोडगिरीच्या शिक्क्यांवरची उर्दू वाचू शकणारी वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. हे काम आताच करायला हवे, त्याचे मोठे कारण हेच आहे.

आज पैठणी घेताना गिऱ्हाईक सिल्क मार्कची चिठ्ठी आणि हातमागाची खूण शोधते. यंत्रमागावरचा माल हातमागाचा म्हणून गळ्यात मारला जाण्याच्या तक्रारीही आपण ऐकतो. गिऱ्हाइकाला तेव्हाही हेच विचारायचे होते, की हे कापड कोणी पाहिले, कोणी मोजले, आणि खोटे निघाले तर जबाब कोण देणार. तिसऱ्या चकतीवर कोणाचा ठसा आहे, हे ठरवण्यासाठी मी ती लवकरच एका संग्रहालयात नेऊन देणार आहे. उरलेल्या दोन्हीही तिच्यासोबत तेथेच राहतील.

तत्पूर्वी काढलेले तिचे छायाचित्र या पत्रासोबत पाठवत आहे. जागा असेल, तर ते पत्राशेजारी छापावे. समोरून प्रकाश टाकला की चकती नुसती राखी दिसते, म्हणून सकाळी सातच्या सुमारास, ऊन खिडकीतून आडवे येत असताना ते काढले आहे. डाव्या कडेला सावलीत जी बारीक जाळी दिसते, तीच ती वीण.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त वजनेमापे निरीक्षक,
जालना